नाव तपासलं, माल कोण तपासणार? कन्सॉलिडेटेड स्क्रीनिंग लिस्टची निर्यातदाराच्या नजरेतून पारख

कुपवाड, मिरज, पलूस, सातारा, शिरवळ या पट्ट्यातून परदेशी जाणारा माल दिसायला साधा असतो: कास्टिंग, पंप, व्हॉल्व्ह, गिअर, कंट्रोल पॅनल. बंदी, निर्बंध, एम्बार्गो हे शब्द अणुभट्ट्या आणि क्षेपणास्त्रांसाठी आहेत, आपला काय संबंध, अशी समजूत त्यामुळे पक्की. मग बँक किंवा जर्मनीतला ग्राहक प्रश्नावली पाठवतो. तुमचे खरेदीदार सँक्शन याद्यांशी ताडून पाहता का, कशावर पाहता, पुरावा काय? अशा वेळी सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) किंवा सल्लागार हमखास एक साइट सुचवतो: अमेरिकेच्या वाणिज्य खात्यातल्या इंटरनॅशनल ट्रेड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची कन्सॉलिडेटेड स्क्रीनिंग लिस्ट, थोडक्यात सीएसएल.

निकाल आधीच सांगतो. नाव तपासण्यासाठी याहून चांगलं फुकट साधन नाही. पण बंदी असलेल्या किंवा बंदीच्या सावलीतल्या देशाला माल विकायचा की नाही, हा निर्णय ते देत नाही, आणि आपल्याकडे नेमका त्याच कामासाठी त्याचा वापर होतो. ‘नो रिझल्ट’ची प्रिंट फाईलला लावली की प्रकरण मिटलं, असं समजणारे बरेच आहेत.

आधी साइटबद्दल. पैसे नाहीत, लॉगिन नाही. अमेरिकेच्या वाणिज्य, परराष्ट्र आणि अर्थ या तीन खात्यांच्या याद्या एकाच खिडकीत शोधता येतात. वाणिज्य खात्याची एन्टिटी लिस्ट, डिनाइड पर्सन्स लिस्ट, अनव्हेरिफाइड लिस्ट आणि मिलिटरी एंड यूजर लिस्ट; अर्थ खात्याचं निर्बंध-कार्यालय असलेल्या ओफॅकची एसडीएन ही मुख्य बंदी-यादी आणि तिची भावंडं असलेल्या याद्या; परराष्ट्र खात्याच्या शस्त्र-निर्यात आणि अण्वस्त्रप्रसारविषयक याद्या. डेटा रोज आपोआप ताजा होतो. कोणत्या यादीत नाव सापडलं याला फार महत्त्व आहे आणि साइट ते स्पष्ट दाखवते. एसडीएन म्हणजे जवळजवळ सगळेच व्यवहार बंद. एन्टिटी लिस्ट म्हणजे अमेरिकेच्या निर्यात नियमांखाली येणारा माल द्यायचा तर परवाना हवा. अनव्हेरिफाइड म्हणजे अमेरिकन अधिकाऱ्यांना त्या खरेदीदाराची खातरजमा करता आलेली नाही. ती सरसकट बंदी नव्हे, पण अंतिम वापराचं लेखी निवेदन घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सल्लागारांच्या रिपोर्टमध्ये या तिन्हींना एकच लाल शिक्का मारलेला दिसतो. तो चुकीचा.

शोधताना ‘फझी नेम’, म्हणजे जवळपास जुळणारी नावंही दाखवणारा पर्याय, चालू ठेवा. तो बंद असेल तर एका अक्षराच्या फरकाने नाव निसटतं. अरबी, फारसी, रशियन नावं रोमन लिपीत चार प्रकारांनी लिहिली जातात. मोहम्मदचंच स्पेलिंग किती तऱ्हांनी येतं ते आखातात माल पाठवणाऱ्यांना माहीत आहे. नावाआधी ‘मेसर्स’ लावू नका. सरावासाठी इराणच्या माहान एअरचं नाव टाकून बघा: एकाच कंपनीच्या नोंदी एकापेक्षा जास्त याद्यांतून येतात, वेगवेगळ्या पत्त्यांसह.

पत्त्याचा रकाना बहुतेक जण मोकळाच सोडतात. जून २०२४ मध्ये अमेरिकेने हाँगकाँगमधले आठ पत्ते थेट एन्टिटी लिस्टवर घातले, नावांशिवाय. एकाच खोलीत शेकडो कागदी कंपन्या नोंदवायच्या, एक पकडली की दुसरी पुढे करायची, या धंद्यावर तो उपाय होता. त्यामुळे खरेदीदाराचं नाव, पत्ता, संचालक, माल उतरवून घेणारा आणि पैसे पाठवणारा, असे पाच शोध वेगवेगळे करायचे. साइटवर ‘सगळं एकदम तपासा’ असं बटण नाही, ही खरी गैरसोय.

ओफॅकची स्वतःची सँक्शन्स लिस्ट सर्च वेगळी आहे आणि जोडीला ती वापरावीच. तिच्यात नाव किती जुळलं पाहिजे हे ठरवणारी सरकपट्टी आहे, शंभरापर्यंत. पट्टी शंभरावर ठेवून शोधलं तर तंतोतंत जुळणारं नावच सापडणार, आणि बरेच जण तिला हातही न लावता ‘काही नाही’ची प्रिंट काढतात. ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत खाली आणली की खरं काम सुरू होतं. आत दोन रीती चालतात: जॅरो-विंकलर अक्षरांचा क्रम मोजते आणि सुरुवातीच्या अक्षरांना जास्त वजन देते, साउंडेक्स उच्चार बघते. म्हणून सुरुवातीचं अक्षर बदललेलं नाव सगळ्यात जास्त निसटतं. ‘के’ने आणि ‘सी’ने, ‘क्यू’ने आणि ‘जी’ने सुरू होणारी रूपं स्वतंत्र टाकून पाहायची.

हे अती वाटत असेल तर दोन निकाल वाचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये अ‍ॅपलने ओफॅकला ४,६६,९१२ डॉलर भरून प्रकरण मिटवलं. स्लोव्हेनियाची एसआयएस नावाची सॉफ्टवेअर कंपनी २०१५ मध्ये यादीवर आली. यादीत नावाचं शेपूट लहान अक्षरांत आणि टिंबांसह होतं, अ‍ॅपलच्या नोंदीत मोठ्या अक्षरांत आणि टिंबांविना. संगणकाने ते दोन वेगळे मानले. शिवाय खात्याच्या व्यवस्थापकाचं नाव तपासलंच जात नव्हतं, नुसतं कंपनीचं जात होतं. दुसरं अ‍ॅमेझॉनचं, जुलै २०२०, १,३४,५२३ डॉलर: निर्बंधाखालच्या क्रायमियाचं नाव ‘के’ने लिहिलेला पत्ता त्यांच्या यंत्रणेने अडवला नाही, आणि याल्टा हे क्रायमियातलं शहर आहे हेही तिला कळलं नाही. एवढ्या कंपन्यांचं असं झालं, तर एक्सेलमध्ये सूत्र लावून तंतोतंत जुळणी करणाऱ्या ऑफिसचं काय होणार ते वेगळं सांगायला नको. सीएसएलची पूर्ण यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात उतरवून घेता येते, ती सोय चांगली. पण त्या फाईलवर फझी शोध चालत नाही.

उतरवलेली फाईल शिळीही होते. याच एन्टिटी लिस्टवर १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारतातल्या संस्था मोठ्या संख्येने चढल्या होत्या. बीएआरसी, कल्पक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स यांची नावं निघाली जानेवारी २०२५ मध्ये. जुनी पीडीएफ घेऊन बसलेल्याच्या लेखी बीएआरसी अजून काळ्या यादीत आहे. उलटंही घडतं. जून २०२५ च्या शेवटी अमेरिकेने सीरियावरचा सँक्शन कार्यक्रम संपवला आणि बरीच नावं एसडीएनवरून गेली, म्हणून सीरियाला तंत्रज्ञान पाठवायची मोकळीक मिळाली असं अनेकांनी धरलं. आर्थिक निर्बंध आणि निर्यात-नियंत्रण ही दोन वेगळी खाती आहेत, दोन वेगळ्या कायद्यांवर चालतात. एकाने दार उघडलं म्हणून दुसऱ्याने उघडलं असं होत नाही.

आता साइटला जे दिसतच नाही ते.

मालकी. ओफॅकचा नियम असा की यादीतल्या व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल, तर ती कंपनी स्वतः यादीत नसली तरी अडकलेलीच. साइटवर तिचं नाव कधीच येणार नाही. वाणिज्य खात्यानेही सप्टेंबर २०२५ मध्ये एन्टिटी लिस्टसाठी असाच नियम आणला आणि नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी स्थगित केला. म्हणजे खरेदीदाराकडून भागधारकांचा कागद मागावा लागतो. महागड्या सशुल्क सेवांचा खरा उपयोग इथेच: त्या मालकीची साखळी दाखवतात. वर्षाला पाच-सहा परदेशी ग्राहक असलेल्या कारखान्याला ती वर्गणी परवडत नाही आणि गरजही नाही. ट्रेड लायसन्सची प्रत आणि सहीशिक्क्याचं मालकीपत्रक मागून काम भागतं. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

माल. नाव स्वच्छ आणि माल नियंत्रित, ही आपल्या भागातली नेहमीची स्थिती, कारण पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे इथे पुष्कळ. रासायनिक अस्त्रांच्या दृष्टीने ऑस्ट्रेलिया ग्रुप या निर्यात-नियंत्रण करणाऱ्या देशांच्या गटाचे निकष आहेत आणि भारत जानेवारी २०१८ पासून त्या गटात आहे. १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या नॉमिनल साइझचा व्हॉल्व्ह, ज्याचा द्रवाला लागणारा पृष्ठभाग ठरावीक पदार्थांचा आहे, तो नियंत्रित. पदार्थ कोणते? २५ टक्क्यांहून जास्त निकेल आणि २० टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलेले मिश्रधातू, ४० टक्क्यांहून जास्त निकेलचे मिश्रधातू, फ्लुओरोपॉलिमर, काच, टायटॅनियम, टँटलम, झिर्कोनियम वगैरे. एसएस ३१६ मध्ये निकेल १० ते १४ आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के, म्हणून तो सुटतो. हॅस्टेलॉय हा निकेलप्रधान मिश्रधातू सुटत नाही. आणि पीटीएफई या फ्लुओरोपॉलिमरच्या लायनिंगचा एक इंची बॉल व्हॉल्व्ह, जो कुठल्याही केमिकल प्लांटमध्ये डझनाने लागतो, तोही सुटत नाही. पंपाचं तसंच: ग्लँड पॅकिंगचा बिडाचा पंप बिनधास्त, पण सीललेस किंवा एकाहून जास्त सीलचा, तासाला ०.६ घनमीटरपेक्षा जास्त प्रवाहाचा आणि आतून अशाच पदार्थांचा असेल तर नियंत्रित. रिअ‍ॅक्शन व्हेसल १०० लिटरच्या वर आणि २०,००० लिटरच्या खाली. डेटाशीटवर ‘मटेरिअल ऑफ कन्स्ट्रक्शन’ची ओळ असते ना, निर्णय तिथे होतो, ग्राहकाच्या नावावर नाही.

व्हीएफडीचीही (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) एक गंमत. आउटपुट ६०० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त, मल्टिफेज, ४० व्हीए किंवा जास्त, आणि फ्रिक्वेन्सीचं नियंत्रण ०.२ टक्क्यापेक्षा नेमकं, असा ड्राइव्ह युरेनियम समृद्धीच्या सेंट्रिफ्यूजला चालतो, म्हणून तो अणुपुरवठादार गटाच्या यादीत आहे. बाजारातले बरेच ड्राइव्ह ५९९ हर्ट्झवर किंवा त्याखालीच का थांबतात, याचं कारण हेच: उत्पादकाने फर्मवेअरमध्ये मुद्दाम लावलेली मर्यादा. एखादा खरेदीदार ‘लॉक काढून द्या’ म्हणाला, तर तो फोन कुठे नोंदवायचा हे ऑफिसात आधीच ठरलेलं असावं.

यातलं आपल्याला बांधणारं काय, अमेरिकन यादी की भारतीय कायदा? भारतीय कायदा आधी. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने वेगळं प्रकरण आलं, त्याला २००५ चा सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा कायदा जोडून आहे, आणि नियंत्रित मालाची यादी म्हणजे स्कोमेट. कॅटेगरी ० ते ८. वर सांगितलेले पंप-व्हॉल्व्ह कॅटेगरी ३ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, एन्क्रिप्शन, सेन्सर, एव्हिऑनिक्स कॅटेगरी ८ मध्ये. परवाना डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर अर्ज करून. शून्य कॅटेगरीसाठी अणुऊर्जा विभाग, सहाव्यासाठी संरक्षण उत्पादन विभाग. अर्ज आंतर-मंत्रालयीन कार्यगटासमोर जातो. अडकण्याचं नेहमीचं ठिकाण एंड यूज सर्टिफिकेट: ते शेवटच्या वापरकर्त्याच्या लेटरहेडवर हवं, मधल्या ट्रेडरच्या नव्हे, आणि त्यातलं मालाचं वर्णन व संख्या पर्चेस ऑर्डरशी अक्षरशः जुळायला हवी. ऑर्डरमध्ये ‘२४ नग’ आणि सर्टिफिकेटमध्ये ‘२ लॉट’ असलं की खुलाशाची चिठ्ठी आलीच. आणि स्कोमेट देश बघून लागू होत नाही, माल बघून लागू होतो: हॅस्टेलॉयचा व्हॉल्व्ह जर्मनीला पाठवायचा तरी यादी बघायची. देशनिहाय पाहिलं तर भारत संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळतो. उत्तर कोरियाशी व्यापार जवळपास पूर्ण बंद. एकट्या अमेरिकेचे किंवा युरोपचे निर्बंध भारत बंधनकारक मानत नाही.

मग सीएसएल कशाला बघायची? कारण अमेरिकन कायदा मालाच्या मागे मागे चालतो, तो कुठेही गेला तरी. सांगलीत बनलेल्या पंप स्किडमध्ये (एका चौकटीवर जोडलेला पंपाचा संच) अमेरिकन बनावटीचे नियंत्रित भाग ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असले, तर सगळा स्किड अमेरिकेच्या निर्यात नियमांखाली येतो. हे प्रमाण बहुतेक देशांसाठी २५ टक्के. क्युबा, इराण, उत्तर कोरिया यांसारख्यांसाठी १० टक्के. समजा स्किडची किंमत १२ लाख आणि आतल्या कंट्रोलर-सेन्सरमधला नियंत्रित अमेरिकन भाग दीड लाखाचा. साडेबारा टक्के. केनियाला पाठवताना प्रश्न नाही, क्युबाला पाठवताना अमेरिकन परवाना लागतो. ‘नियंत्रित’ म्हणजे त्या विशिष्ट देशासाठी परवाना लागतो असा भाग. त्यामुळे तोच सेन्सर एका देशाच्या हिशोबात धरला जातो, दुसऱ्याच्या नाही. प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा मांडायचा. काही मालांना ही सवलत मुळीच नाही.

या हिशोबात नेहमी चुकतं ते मूळ देशाबाबत. अमेरिकन ब्रँड म्हणजे अमेरिकन बनावट नव्हे. तो मलेशियात बनलेला असू शकतो. जर्मन ब्रँडच्या डब्यात अमेरिकन बोर्ड असू शकतो. पुरवठादाराकडून मूळ देश आणि ईसीसीएन हा पाच अक्षर-अंकांचा वर्गीकरण क्रमांक लेखी घ्या. यादीत नाव घेऊन न आलेला साधा माल ईएआर९९ मध्ये मोडतो. ‘ईएआर९९ आहे, काळजी नको’ हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी बसलंय, पण क्युबा आणि उत्तर कोरियासाठी ईएआर९९ लाही परवाना लागतो. ड्रॉइंग ईमेल करणं, क्लाउड फोल्डर शेअर करणं, ऑनलाइन बसून कमिशनिंग करून देणं, ही सगळी तंत्रज्ञानाची निर्यात धरली जाते. कंटेनर न्हावाशेवाहून सुटण्याआधीच ती झालेली असते.

पैशाचा रस्ता हा आणखी एक फास. सिंगापूरच्या सीएसई ट्रान्सटेलने २०१७ मध्ये ओफॅकला सुमारे १.२ कोटी डॉलर भरले. कंपनी अमेरिकन नव्हती. इराणमधल्या कामांची देणी तिने डॉलरमध्ये पाठवली, ते डॉलर अमेरिकन बँकांतून फिरले, आणि त्या बँकांकडून नियमभंग ‘घडवला’ असा ठपका आला. इराणशी रुपयात व्यवहार युको बँकेमार्फत झाले, रशियासाठी रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रुपयाची व्होस्ट्रो खाती (परदेशी बँकांची भारतीय बँकांतली खाती) आली. त्याने डॉलरचा प्रश्न सुटतो. आतल्या अमेरिकन भागाचा सुटत नाही.

युरोपबद्दल एवढंच: जर्मन किंवा इटालियन पुरवठादार मार्च २०२४ पासून करारात ‘रशियाला पुनर्निर्यात नाही’ हे कलम काही मालांसाठी घालतोच, कारण त्याच्यावर ते बंधन आहे. त्यामागे ५० एचएस कोडची (मालाचे सीमाशुल्क-वर्गीकरण क्रमांक) सामाईक यादी आहे. तिच्यात बॉल बेअरिंगचा ८४८२.१०, टेपर रोलरचा ८४८२.२०, मशिनिंग सेंटरचा ८४५७.१० आहे. सही करण्याआधी आपल्या बिलावरचे कोड तिच्याशी ताडून बघा. सीएसएल एचएस कोड बघत नाही, आणि युरोपची नावांची यादीही तिच्यात नाही.

राहिला माल घेऊन पुढे विकणारा दुबईचा ट्रेडर. अमेरिकन वाणिज्य खात्याच्या नियमांतच धोक्याच्या खुणांची यादी दिली आहे आणि ती या साइटपेक्षा जास्त उपयोगी आहे. माल कशासाठी हवा ते सांगत नाही. इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, सर्व्हिस नको म्हणतो. लाखोंच्या मालाला रोख द्यायला तयार. अंतिम ठिकाण म्हणून फ्रेट फॉरवर्डरचा पत्ता. फूड ट्रेडिंगचं लायसन्स आणि मागणी व्हीएफडीची. अशा खुणा दिसत असताना ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. मुद्दाम डोळे मिटणं हे माहीत असण्यातच धरतात. यातली एकही खूण साइटवर शोधून सापडणार नाही. ती सेल्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असते, आणि कमिशन त्यालाच मिळायचं असतं. म्हणून मोठ्या कंपन्या नकाराचा अधिकार विक्री विभागाबाहेर ठेवतात. वीस माणसांच्या कारखान्यात तो अकाउंट्सच्या बाईंकडे दिला तरी चालेल, फक्त मालकाने तो फिरवता कामा नये.

वापरायचा क्रम असा ठेवावा: आधी माल, मग आतले भाग, मग देश, मग वापर, शेवटी नावं. नावं शेवटी, पण एकदाच नाही. कोटेशनच्या वेळी, ऑर्डर आल्यावर आणि डिस्पॅचच्या दिवशी. एसआयएसचा अ‍ॅपलशी करार झाला तेव्हा ती यादीत नव्हती. नाव सापडलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. पत्ता, देश, जन्मतारीख जुळते का बघायचं, साइट स्वतःच सांगते तसं मूळ राजपत्रातली नोंद वाचायची, आणि नाव वेगळ्याच माणसाचं निघालं तर ते कशावरून ठरवलं याच्या दोन ओळी लिहून ठेवायच्या.

गुण द्यायचे तर नावाच्या शोधाला पाचापैकी साडेचार. अर्धा गुण त्या ‘सगळं एकदम’ नसलेल्या बटणासाठी कापला. ग्राहक शेकड्याने असतील तर एपीआयची (आपल्या संगणकाने थेट शोध घेण्याची) किल्ली नोंदणी करून फुकट मिळते, ती घ्यावी. ओफॅकच्या सरकपट्टीला चार. डीजीएफटी पोर्टलला तीन: चालतं, पण अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते शोधावं लागतं. ‘सँक्शन क्लिअरन्स रिपोर्ट’ म्हणून हीच फुकट साइट छापून पैसे घेणाऱ्यांना शून्य. त्यांना पैसे द्यायचेच तर डेटाशीट घेऊन बसणाऱ्याला द्या.

पुराव्याचा स्क्रीनशॉट घेताना शोधलेलं नाव, फझी चालू असल्याची खूण आणि तारीख-वेळ एकाच चित्रात येईल असं बघा. साइट प्रमाणपत्र देत नाही. फाईल पाच वर्षांनी रद्दीत घालू नका. ओफॅकने कागद जपण्याची मुदत मार्च २०२५ पासून दहा वर्षं केली आहे.